क्रूझचे भाडे स्वस्त, पण बक्षिशीचे काय?
पहिल्यांदाच समुद्रसफरीला निघणाऱ्यांनी तिकिटापलीकडच्या खर्चाचा हिशेब आधीच मांडावा

नवी मुंबई, प्रतिनिधी – सुट्टीचे दिवस जवळ आले की वाशी, नेरूळ, खारघर परिसरात पर्यटन कंपन्यांच्या जाहिराती झळकू लागतात. गोवा, केरळ, सिमला यांच्या जोडीला अलीकडे त्यात 'क्रूझ'ही दिसते. तीन रात्री, चार दिवस, जेवणखाण आणि करमणूक भाड्यातच, असे आकर्षक गणित मांडलेले असते. मात्र सफर संपवून उतरताना हाती पडणारे बिल पाहून अनेकांचा विरस होतो. न मागितलेली बक्षिशी आपल्या नावावर कशी लागली, हा त्यातला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. या प्रश्नाचे उत्तर समजून घेतले, तर सहलीचा हिशेबही चुकत नाही आणि अखेरच्या दिवशी वादाचा प्रसंगही येत नाही.

मुंबईहून आरामदायी जहाजाने सफर करणे ही आता दुर्मीळ गोष्ट राहिलेली नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' हे जहाज मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाले. २०१९ मध्ये 'जलेश' कंपनीचे 'कर्णिका' आले. या दोन्ही सेवा पुढे बंद पडल्या. सप्टेंबर २०२१ पासून 'कॉर्डेलिया'ने मुंबईहून गोवा, लक्षद्वीप आदी ठिकाणच्या सफरी सुरू केल्या. २०२३-२४ च्या हंगामात 'कोस्टा सेरेना' हे मोठे जहाजही भारतीय किनाऱ्यावर फिरले. बॅलार्ड पिअर येथील मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. दुसरीकडे सिंगापूर, दुबई किंवा युरोपात विमानाने जाऊन तेथून जहाज पकडणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्याही कमी नाही. अशा परदेशी सफरींतच बक्षिशीचा प्रश्न अधिक ठळकपणे पुढे येतो.

बक्षिशी की पगार?

आपल्याकडे बक्षिशी ही राजीखुशीची गोष्ट. उपाहारगृहात बडीशेपच्या बशीत दहा-वीस रुपये ठेवले की काम झाले. नाही ठेवले तरी कोणी हटकत नाही. उपाहारगृहांनी बिलात आपणहून सेवा शुल्क लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी जारी केली. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती उचलून धरली. त्यामुळे 'सेवा शुल्क देणे न देणे आपल्या हाती' ही भावना शहरी ग्राहकाच्या मनात पक्की झाली आहे. ती घेऊनच तो परदेशी जहाजावर पाऊल ठेवतो आणि तेथे त्याची गफलत होते.

बहुतेक मोठ्या आंतरराष्ट्रीय क्रूझ कंपन्या प्रत्येक प्रवाशाच्या खात्यावर दररोज ठरावीक रक्कम 'ग्रॅच्युइटी' किंवा 'सेवा शुल्क' म्हणून आपोआप लावतात. अमेरिकी कंपन्यांत साध्या केबिनसाठी हा दर साधारणपणे १६ ते २० डॉलरच्या घरात असतो. आलिशान केबिनसाठी तो अधिक असतो. ही रक्कम केबिन आवरणारा कर्मचारी, भोजनगृहातील वाढपी आणि पडद्यामागे राबणारे इतर कामगार यांच्यात वाटली जाते. आरक्षणाच्या अटींमध्ये तिचा उल्लेख असतो; पण बारीक अक्षरांतला तो मजकूर फारसा कोणी वाचत नाही.

हा दर माणशी आहे, हे विशेष ध्यानात घ्यावे. वाशीतील एखादे चौघांचे कुटुंब सिंगापूरहून चार रात्रींच्या सफरीला निघाले आणि दर १८ डॉलर असला, तर केवळ ग्रॅच्युइटी २८८ डॉलर होते. हिशेबापुरता डॉलर ९० रुपयांचा धरला, तर ही रक्कम २५ हजार ९२० रुपये भरते. 'मुलांना मोफत प्रवास' किंवा 'तिसरा-चौथा प्रवासी विनामूल्य' अशा सवलतींतही फक्त भाडे माफ असते. बंदर शुल्क, कर आणि ग्रॅच्युइटी ही त्या 'मोफत' प्रवाशालाही सहसा भरावी लागते.

या पैशांवर कोणाचे घर चालते?

जहाजावरच्या हॉटेल विभागातील कामगार हे फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि भारत या देशांतून मोठ्या संख्येने येतात. भारतीयांमध्ये गोवा आणि कोकणातील तरुणांचा भरणा मोठा आहे. गोव्यात 'तारवटी' या एका शब्दाने पिढ्यान् पिढ्या जहाजावर जाणाऱ्यांची ओळख सांगितली जाते. जहाजांवर मनुष्यबळ पुरविणाऱ्या अनेक कंपन्यांची कार्यालये सीबीडी बेलापूरमध्ये आहेत. त्यामुळे मुलाखतीची फाईल हाती घेऊन फिरणारे तरुण नवी मुंबईकरांना नवे नाहीत.

हे कामगार सहसा सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर जातात. या काळात साप्ताहिक सुट्टीची कल्पना जवळपास नसते. करार संपून घरी आल्यावर पुढचा करार मिळेपर्यंत बहुतेकांना वेतन मिळत नाही. सागरी कामगारांच्या हक्कांबाबतचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. दर २४ तासांत किमान १० तास विश्रांती त्यात अपेक्षित आहे. मात्र वाढपी आणि केबिन कर्मचाऱ्यांच्या कमाईचा मोठा वाटा अनेक कंपन्यांत बक्षिशीतूनच येतो. कंपनी भाडे कमी दाखवते आणि पगाराचा भार ग्रॅच्युइटीच्या रूपाने प्रवाशावर टाकते, हे या पद्धतीचे खरे स्वरूप आहे.

ही पद्धत योग्य की अयोग्य, यावर दुमत असू शकते. अनेक जहाजांवर स्वागतकक्षात विनंती केल्यास ही रक्कम कमी करता येते किंवा काढूनही टाकता येते. काही कंपन्यांत मात्र ती सक्तीची असते. परंतु कंपनीच्या धोरणावरचा राग म्हणून अखेरच्या दिवशी ती रक्कम काढली, तर त्याची झळ बहुतांशी कंपनीला नव्हे, तर आठवडाभर आपला पलंग आवरणाऱ्या माणसाला बसते. सेवेत खरोखर त्रुटी असेल, तर सफर चालू असतानाच तक्रार नोंदवावी. रक्कम परवडणारी नसेल, तर आरक्षणापूर्वीच दुसरी सफर निवडावी. हाच सरळ मार्ग होय.

बिल फुगते कोठे?

जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. केबिनची चावी हेच खर्चाचे कार्ड असते आणि ते आपल्या क्रेडिट कार्डाशी जोडलेले असते. खिशातून नोट बाहेर पडत नसल्याने खर्चाची जाणीवही होत नाही.

मुख्य भोजनगृह आणि बुफे भाड्यात समाविष्ट असतात. खास भोजनगृहे, मद्य, शीतपेये आणि पुष्कळदा बाटलीबंद पाणीही वेगळे आकारले जाते. पेयांवर आणि स्पाच्या सेवांवर साधारण १८ ते २० टक्के ग्रॅच्युइटी पुन्हा वेगळी लागते. फलकावर १४ डॉलर लिहिलेले पेय १८ टक्क्यांनी साडेसोळा डॉलरला पडते, ते असे. त्यावर पुन्हा निराळी बक्षीस देण्याची गरज नसते. पावतीवरची रिकामी ओळ पाहून अनेक जण दुसऱ्यांदा रक्कम लिहून बसतात.

इंटरनेट, छायाचित्रे, धुलाई आणि बंदरावरील सहली हे खर्चाचे आणखी काही रस्ते. भर समुद्रात मोबाईल जहाजावरील सागरी नेटवर्क पकडतो. नेहमीच्या आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅकमध्ये हे नेटवर्क बहुधा येत नाही. म्हणून जहाज बंदर सोडताच फोन 'फ्लाइट मोड'वर टाकणे शहाणपणाचे ठरते. जहाजावरील डॉक्टरची फीही खात्यावरच लागते. प्रवास विम्यात समुद्रसफर समाविष्ट आहे का, हे त्यासाठी आधी तपासावे.

परकीय चलनातील बिलावर बँका साधारण दोन ते साडेतीन टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर वस्तू व सेवा कर आकारतात. २८८ डॉलरवर साडेतीन टक्के म्हणजे करासह हजार रुपयांहून अधिक. याशिवाय पर्यटन कंपनीकडून घेतलेल्या परदेशी सहलीच्या पॅकेजवर ऑक्टोबर २०२० पासून 'टीसीएस' आकारला जातो. त्याचे दर वेळोवेळी बदलले आहेत. हा मात्र खर्च नसून आगाऊ कर आहे. प्राप्तिकर विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो.

मुंबईहून निघताना

देशांतर्गत सफरीत व्यवहार रुपयांत होतो आणि परकीय चलनाचा ताप वाचतो. तरीही जाहिरातीतील भाडे आणि प्रत्यक्ष भरावयाची रक्कम यांत बंदर शुल्क, सेवा शुल्क व कर यांचे अंतर असते. म्हणून 'सर्व धरून एकूण किती' हाच प्रश्न विचारावा. नवी मुंबईहून बॅलार्ड पिअर गाठण्याचा खर्चही हिशेबात धरावा. हार्बर मार्गाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठून पुढे टॅक्सी करणे सर्वांत स्वस्त. सामान जास्त असल्यास अटल सेतू सोयीचा; मात्र त्याचा टोल दोन्ही वेळा भरावा लागतो.

जाहिरातीतील आकडा ही समुद्रसफरीच्या खर्चाची सुरुवात असते, अखेर नव्हे. हे ओळखून घराबाहेर पडणाऱ्याला डेकवरचा सूर्यास्त निश्चिंत मनाने पाहता येतो.

हे ध्यानात ठेवा

- ग्रॅच्युइटी भाड्यात आहे की वेगळी, हे आरक्षणापूर्वी लेखी विचारावे. वेगळी असल्यास ती आगाऊ भरण्याची सोय आहे का, ते पाहावे.
- माणशी दर गुणिले प्रवासी गुणिले रात्री, असा हिशेब करावा. लहान मुलेही मोजावीत.
- खात्यावरील नोंदी केबिनमधील दूरचित्रवाणी संचावर किंवा ॲपवर रोज रात्री तपासाव्यात. चुकीची नोंद त्याच दिवशी दाखवून द्यावी.
- विशेष मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला पाकिटातून वेगळी बक्षीस देता येते. ती पूर्णपणे ऐच्छिक असते.
- सिंगापूरहून निघून तेथेच परतणाऱ्या सफरीसाठी व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे, याची खात्री करावी.
- देशातील आरक्षणाबाबत तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ या क्रमांकावर नोंदवता येते.