कालव्याचे पाणी आणि त्याचा हिशेब

धरण बांधले, कालवा खणला, की शेतीचे दारिद्र्य संपले, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. परंतु धान्याच्या व्यापारात ज्यांचे आयुष्य गेले त्यांस ठाऊक आहे की, कालव्याच्या मुखाजवळील गाव आणि शेवटाकडील गाव यांचे नशीब एक नसते. एका गावी पाण्याच्या अतिरेकाने जमीन नासते, दुसऱ्या गावी पाण्यावाचून उभे पीक वाळते. आणि दोन्हींकडून बाजारात येणारे धान्य घटते. असे का व्हावे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम अतिरेकाची गोष्ट घेऊ. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. दुष्काळी मुलखास तो वरदानच वाटला. परंतु पुढे पंचवीस वर्षांच्या आतच तेथील उत्तम काळ्या जमिनीवर पांढरा खार दिसू लागला. पुण्याच्या शेतकी कॉलेजातील डॉ. हॅरॉल्ड मॅन व त्यांचे सहकारी यांनी १९१० साली या खारवट जमिनींविषयी निबंध प्रसिद्ध केला. कारण असे की, पाण्यात क्षार विरघळलेले असतात. काळ्या जमिनीत निचरा मंद. म्हणून जास्तीचे पाणी खाली साचून भूजल वर चढते. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतो. नदीतीरावरील बेळगाव, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांतील कित्येक शिवारांत आज हेच दिसते. सिंधमध्ये १९३२ साली सक्करचे बंधारे पुरे झाल्यावर तेथेही जमिनी पाणथळ व खारवट झाल्या.

दुसरे कारण पिकांच्या निवडीत आहे. ज्वारीस साधारण ४५० ते ६५० मिलिमीटर पाणी पुरते. उसास १५०० ते २५०० मिलिमीटर लागते. उसास खात्रीचे गिऱ्हाईक असल्याने मुखाजवळचा शेतकरी तोच लावणार, यात त्याचा दोष तो काय? पण त्यामुळे शेवटच्या शेतकऱ्याची ज्वारी तहानलेली राहते. त्यात पाणीपट्टी बहुधा एकरावर व पिकावर आकारली जाते, मापावर नव्हे. आपण पोत्याचे वजन न करता नुसती वखारीची लांबी-रुंदी पाहून धान्य विकू लागलो, तर पेढी किती दिवस चालेल? पाण्याचा व्यवहार मात्र असाच चालतो.

यावर उपाय आपल्याच भूमीत होऊन गेले आहेत. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धती शतकानुशतके चालली. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडीत. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी कोणते फड भिजवावयाचे हे सर्वांनी मिळून ठरवावयाचे. प्रत्येकाची जमीन निरनिराळ्या फडांत असल्याने टंचाईचा भार एकट्यावर पडत नसे. पाटकरी पाणी देई, हवालदार देखरेख करी, जागल्या राखण करी. पुढे १९७२ च्या दुष्काळानंतर श्री. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायत आरंभिली. तेथे पाणी जमिनीवर नव्हे, माणशी अर्धा एकर या मानाने मिळे. भूमिहीनासही वाटा होता. ऊस वर्ज्य होता. महाराष्ट्रात २००५ साली शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना घनमापाने पाणी देण्याचा कायदा झाला. त्याचे तत्त्व हेच. तथापि शेवटच्या चारीपर्यंत मापयंत्र बसून त्याची नोंद ठेवली जाईल तेव्हाच तो सार्थ होईल.

या सर्वांचे सार तीन गोष्टींत सांगता येते. पाणी मोजून द्यावे. पाणी देण्यापूर्वी निचऱ्याची सोय करावी. आणि वाटणीत शेवटच्या शेतास प्रथम आठवावे. एकदा खार फुटलेली जमीन सुधारण्यास भूमिगत नळ घालावे लागतात, आणि तो खर्च लहान शेतकऱ्यास झेपत नाही. म्हणून आधीच सावध होणे शहाणपणाचे.

आपल्यापैकी पुष्कळांची स्वतःची शेती आहे, आणि इतरांचा खरेदीदार म्हणून शेतकऱ्याशी संबंध येतो. ज्वारी, हरभरा, तूर यांस रास्त भाव व वेळेवर पैसा मिळाला, तर कमी पाण्याचे पीक घेण्याचे धैर्य शेतकऱ्यास येईल. पाण्याच्या वाटणीत व्यापाऱ्याचा हातभार एवढाच असला, तरी तो थोडा नाही.