फेरातला ढोल आणि गाडीवरचा कीबोर्ड

सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजाची होळी एका रात्रीत आटोपत नाही. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली अनेक गावे आपापली होळी वेगवेगळ्या दिवशी पेटवतात. त्यामुळे एका गावच्या माणसांना दुसऱ्या गावच्या फेरात जाता येते. होळीआधीच्या आठवडी बाजाराला भोंगऱ्या म्हणतात. होळीची खरेदी तिथे होते आणि ढोलही तिथूनच वाजायला लागतो. (भोंगऱ्यात मुले-मुली पळून जाऊन लग्ने करतात, ही बाहेरच्यांनी रंगवलेली कहाणी आहे. आदिवासी संघटना तिला सतत हरकत घेत आल्या आहेत.)

या होळ्यांमध्ये मान काठीच्या राजवाडी होळीचा. काठी हे जुने मेवासी संस्थान. तिथली होळी इ. स. 1246 पासून चालत आल्याचे सांगितले जाते. उंच, सरळ बांबू होळीचा दांडा म्हणून आणतात, त्याचा खड्डा हत्यार न लावता हातांनी उकरतात आणि होळी पेटते ती पहाटे. तोवर रात्रभर नाच चालतो. नवस बोललेले पुरुष काही दिवस आधीपासून पाळणी पाळतात: खाटेवर बसायचे नाही, ब्रह्मचर्य मोडायचे नाही. अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरू असा या बावा-बुध्यांचा साज असतो. पाऊल पडले की भोपळे आणि घुंगरू एकदम वाजतात, म्हणजे नाचणाऱ्याचे अंगच वाद्य होते.

संगीताचा कणा मात्र ढोलच. मोठा ढोल मध्ये, त्याच्याभोवती मांदल, थाळी, बासरी आणि या सगळ्यांना वेढून फेर. हात एकमेकांच्या कमरेत किंवा खांद्यावर गुंफलेले असतात आणि फेर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सरकतो. पावले साधी असतात, पाच मिनिटांत कुणालाही जमतील अशी. ज्याला नाचायचे आहे तो साखळीत शिरतो, दमला की बाहेर येतो. होळीबाहेर, डोंगऱ्या देवाच्या उत्सवात, कोकणा समाज पावरी वाजवतो. भोपळा आणि बांबूच्या नळ्यांचे हे वाद्य जव्हारकडच्या तारप्याच्या जातकुळीतले. त्याचा सूर रात्रभर तुटू द्यायचा नसतो.

ही परंपरा कधीकाळी गोठलेली होती आणि डीजेने ती बिघडवली, अशी तक्रार शहरी लेखांत नेहमी दिसते. ती अर्धीच खरी आहे. बुध्यांच्या अंगावर गॉगल, प्लास्टिकची फुले, चमकी कागद कधीच येऊन बसले आहेत आणि त्याने पाळणीचे नियम सैल झालेले नाहीत. बाजारात जे झळकते ते अंगावर घालायचे, ही या सणाची जुनीच खोड.

खरा हादरा दुसरीकडून आला. नर्मदेच्या दक्षिण काठावरचे मणिबेली हे सरदार सरोवर धरणाच्या पाण्याने बाधित झालेले महाराष्ट्रातले पहिले गाव. तेव्हा ते धुळे जिल्ह्यात होते. त्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो 1 जुलै 1998 रोजी. गावाजवळचे शूलपाणेश्वराचे मंदिर बुडाले, 1993 च्या पावसाळ्यात घरे पाण्यात गेली. काही कुटुंबे गुजरातेत परवेट्याच्या वसाहतीत गेली, काही डोंगरावर वर सरकून तिथेच राहिली. पुढे 1994 मध्ये जागतिक बँकेने मोठ्या धरणांना कर्ज देणे थांबवावे, अशी मागणी 44 देशांतल्या सव्वातीनशे संघटनांनी केली. त्या निवेदनाला नाव मिळाले ते या गावाचेच, मणिबेली जाहीरनामा.

नाचाच्या बाजूने पाहिले तर विस्थापनात आधी फेर तुटतो. फेराला मोकळे अंगण लागते, शेजारचे गाव लागते, होळीला लाकूड देणारे जंगल लागते. वसाहतीतल्या ओळीने पाडलेल्या प्लॉटांत यातले फारसे काही नसते. त्याच काळात ढोलाला एक नवे काम मिळाले. तो धरणविरोधी मोर्च्यांच्या पुढे वाजू लागला, जुन्या चालींवर धरणाची गाणी रचली गेली आणि ‘आमु आखा एक से’, म्हणजे आम्ही सारे एक आहोत, ही घोषणा नर्मदेच्या दोन्ही काठांवर घुमली. त्याच आंदोलनाच्या जीवनशाळांच्या बालमेळ्यात मुले आजही ढोलावर नाचतात. गाण्यांचा विषय पार बदलला, फेर बदलला नाही.

डीजे आणि टिमलीचे तसे नाही. टिमली हे दक्षिण आणि पूर्व गुजरातच्या आदिवासी पट्ट्यातले लग्नाचे संगीत. शेजारच्या नंदुरबारातही ते पसरले. गाडीवर भलेमोठे स्पीकर, एक कीबोर्ड, एक गायक आणि इलेक्ट्रॉनिक ठेका. कीबोर्डावर शहनाई-पावरीसारखे सूर काढतात, गाणी भिली बोलींत असतात आणि मोबाइलवर ती गावोगाव पोचतात. ज्या बोलींना आकाशवाणीवर आणि पाठ्यपुस्तकांत जागा अपुरी मिळाली, त्यांना या गाडीने हजारो श्रोते दिले, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ठेका यंत्राचा असल्याने तो नाचणाऱ्याकडे पाहत नाही. ढोल वाजवणारा पाय दमलेले पाहून लय उतरवतो, रंग चढला की वाढवतो. यंत्राला हे जमत नाही. शिवाय डीजेचा खर्च नवरदेवाच्या घरावर पडतो. शेजारच्या मध्य प्रदेशात झाबुआ-अलिराजपूरकडे दहेज, दारू आणि डीजे या तिन्हींवर बंदी घालण्याची मोहीम आदिवासी समाजातूनच उभी राहिली, तिचे एक कारण हेच.

हाच वाद दूर अर्जेंटिनात टँगोवरून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्युनोस आयर्स आणि मोंटेव्हिडिओच्या बंदरांलगतच्या वस्त्यांत टँगो जन्मला. त्याचा प्राण मानले जाणारे बँडोनियन हे वाद्य मूळचे जर्मन. म्हणजे तिथली ‘शुद्ध परंपरा’ही आयात मालावर उभी होती. 1955 मध्ये आस्तोर पियाझोला याने आठ वादकांचा संच काढून टँगोत जॅझ आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत मिसळले, तेव्हा जुन्या रसिकांनी हा टँगोच नव्हे, असा गिल्ला केला. त्यांच्या रागात एक खरी गोष्ट होती: या संगीतावर नाचता येत नव्हते, ते खुर्चीत बसून ऐकायचे होते. पियाझोला मोठा संगीतकार ठरला तो ठरलाच. पण टँगोचा नाच जगला तो ‘मिलोंगा’ म्हणजे नाचाच्या बैठकांत, जिथे आजही जोडपी जुन्या तबकड्यांवर नाचतात. तेही सातपुड्यासारखेच घड्याळाच्या उलट फिरतात, हा निव्वळ योगायोग.

सातपुड्यात ‘खुर्ची’चे काम सांस्कृतिक महोत्सव करतात. शासकीय कार्यक्रमात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, पाहुण्यांच्या स्वागताला होळीचा नाच दहा मिनिटांत बसवला जातो. प्रेक्षकांना पाठ दिसू नये म्हणून फेर उलगडून ओळ होते, सारख्या रंगाचे कपडे शिवले जातात, नवस आणि पाळणी गळून पडते. शहाद्याकडचे भिली-मराठी कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता प्रसिद्ध आहे. आदिवासींचे दुःख स्टेजवरून आदिवासींनाच दुसरे लोक सांगतात आणि आदिवासी खालीच राहतात, हे तिचे म्हणणे. नाचाच्या बाबतीत आदिवासी स्टेजवर चढले खरे, पण फेर खाली राहिला. होळीच्या नाचाला डीजेपेक्षा या स्टेजचा धोका मोठा आहे. डीजेपुढे निदान सगळे नाचतात.

सरदार सरोवराची भिंत 2017 मध्ये 138.68 मीटरवर पूर्ण झाली. मणिबेली हे आता राज्याच्या मतदान केंद्रांच्या यादीतले पहिले केंद्र म्हणून ओळखले जाते आणि मतदान पथकाला तिथे बोटीने जावे लागते. काठीची होळी दरवर्षी पहाटेच पेटते. तिच्याभोवती ढोल वाजतो आणि फेर धरला जातो.