शंकरपट: परवानगी मिळाली, मोकळीक नाही

सोयाबीन कधीचंच घरी आलेलं असतं, तूर खळ्यावर येऊ लागते, कपाशीची शेवटची वेचणी चालू असते. अशा वेळी वर्धा जिल्ह्यातल्या पानठेल्यांवर एकच विषय निघतो: यंदा पट कुठे कुठे भरणार? मग नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागतात. त्यावर बैलजोडीचा फोटो मोठा की पुढाऱ्याचा, हे त्या त्या गावावर अवलंबून. पौष-माघ हे पटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे, महिने. रिकामं वावर सपाट करायचं, दगडधोंडे वेचायचे, धावपट्टी आखायची आणि आसपासच्या चार जिल्ह्यांतल्या जोड्यांची वाट बघायची.

हंगामाबरोबर वादही येतो. एक बाजू म्हणते, ही आपली परंपरा आहे, बाहेरच्यांनी बोलू नये. दुसरी म्हणते, मुक्या जनावरांचा छळ आहे, पुन्हा बंदी घाला. दोन्हीकडून ठासून सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी अर्धवट आहेत आणि काही तर सपशेल चुकीच्या. हंगाम ऐन भरात येण्याआधी त्या तपासून घेतलेल्या बऱ्या.

गैरसमज: शंकरपट म्हणजे पुण्याकडची बैलगाडा शर्यतच, नाव तेवढं वेगळं.

वस्तुस्थिती: टीव्हीवर दिसणारा, घाट चढून जाणारा गाडा हा पुणे जिल्ह्यातल्या खेड, आंबेगाव, जुन्नर भागाचा प्रकार. त्याला चार बैल असतात, पुढे घोडी पळते आणि गाड्यावर हाकणारा बसत नाही. सांगली-साताऱ्याकडच्या शर्यतींत गाडीवान असतो, अनेक गाड्या एकदम सुटतात आणि अंतरही मोठं असतं.

विदर्भातल्या पटात एक जोडी, एक हलका छकडा आणि त्यावर दबा धरून बसलेला धुरकरी. धावपट्टी सरळ आणि आखूड; सगळा मामला काही सेकंदांचा. पश्चिम विदर्भात बहुतेक ठिकाणी जोडी एकटीच घड्याळाविरुद्ध पळते आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजला जातो. पूर्वेकडे झाडीपट्टीत दोन जोड्या शेजारी-शेजारी सोडण्याची पद्धत आहे. तिथे दिवसा पट आणि रात्री नाटक असा जोडकार्यक्रम ठरलेला.

हा फरक नुसत्या हौसेचा नाही. धोका कुठे आहे, हे त्याच्यावरून ठरतं. लांब पल्ल्याच्या शर्यतीत बैलाला धाप लागते, तो दमून कोसळू शकतो. आखूड पटात दमण्यापेक्षा सुटतानाच्या क्षणाचा प्रश्न मोठा. अर्ध्या सेकंदाने हार-जीत ठरत असेल, तर जोडी सुटताक्षणी उसळली पाहिजे, आणि तिला उसळवण्यासाठीच नको ते उपाय केले जातात. पटावर नियम पाळले जातात की नाही हे पाहायचं असेल, तर गर्दी जमते त्या शेवटच्या टोकाला नव्हे, जोडी सुटते त्या टोकाला उभं राहावं.

गैरसमज: श्रीमंतांच्या घोड्यांना मुभा, शेतकऱ्याच्या बैलांवर बंदी. हा निव्वळ आकस होता.

वस्तुस्थिती: मुंबईत महालक्ष्मीला याच हिवाळ्यात घोड्यांचा हंगाम चालतो, इंडियन डर्बी फेब्रुवारीत होते, आणि तिथे कोणी बंदीचं नाव काढत नाही. त्यामुळे ही तक्रार पटते. पण बंदीमागचं कारण वेगळं होतं.

प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. खेळ-करमणुकीसाठी ज्यांना वापरता येणार नाही अशा प्राण्यांची यादी केंद्र सरकार या कायद्याच्या कलम २२ खाली जाहीर करतं. त्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह होते. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने त्यात बैलाचीही भर पडली. घोडा त्या यादीत नव्हता. पुढे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूच्या खटल्यात निकाल देताना महाराष्ट्रातल्या बैलगाडी शर्यतींचाही स्पष्ट उल्लेख केला. न्यायालयाचं म्हणणं असं की बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी घडलेली नाही. तो ओढकाम करणारा प्राणी आहे आणि भीती किंवा वेदना दिली की पळतो. हे मत मान्य नसेल तर त्याच्याशी वाद घालता येईल. पण त्याला आकस म्हणून मोडीत काढता येणार नाही.

गैरसमज: सुप्रीम कोर्टाने बंदी उठवली, आता कोणाला विचारायची गरज नाही.

वस्तुस्थिती: सर्वांत जास्त ऐकू येणारा आणि सर्वांत महागात पडू शकणारा गैरसमज हाच. घडलं ते असं. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने शर्यतींना सूट देणारी अधिसूचना काढली. पाचच दिवसांत तिला स्थगिती मिळाली. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने मूळ कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि सोबत नियम केले. तेही न्यायालयात अडकले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीनुसार शर्यती घ्यायला अंतरिम परवानगी दिली. शेवटी १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

वैध ठरली ती अटींसकट केलेली दुरुस्ती. नियमांमुळे जनावरांचा त्रास पुष्कळ कमी होतो, हा त्या निकालाचा कणा आहे. अटी काढून टाकल्या तर निकालाचा आधारच जातो. नियमांची कडक अंमलबजावणी होईल हे पाहण्याची जबाबदारी न्यायालयाने जिल्हा दंडाधिकारी आणि सक्षम अधिकाऱ्यांवर टाकली आहे.

पट घ्यायचा तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ५० हजार रुपयांची अनामत लागते. धावपट्टी १,००० मीटरपेक्षा लांब चालत नाही. विदर्भातल्या पटाला ही मर्यादा नडत नाही, ती लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी आहे. पळणाऱ्या प्रत्येक बैलाची पशुवैद्यकाकडून तपासणी, त्याचा दाखला, पाणी आणि सावली, सगळ्या शर्यतींचं चित्रीकरण हेही नियमांतच आहे.

दंडाचा फरक पाहिला की दुरुस्तीचं गांभीर्य कळतं. १९६० च्या मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे; आज तेवढ्यात धड चहा-नाश्ताही होत नाही. महाराष्ट्राच्या दुरुस्तीत शर्यतीच्या अटी मोडल्या तर ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

गैरसमज: जरा टोचल्याशिवाय जोडी सुटतच नाही. थोडी आर लागली तर बिघडतं काय?

वस्तुस्थिती: टोकाला आर म्हणजे खिळा लावलेली तुतारी (बैल हाकायची काठी), चाबूक, साधी काठी, विजेचा झटका, शेपूट पिरगाळणं किंवा चावणं, उत्तेजक औषध यांपैकी काहीही चालत नाही. इथे ‘थोडं’ हा प्रकारच नाही.

तुतारी लांबूनही दिसते, म्हणून ती आता उघड कमी दिसते. पाहायचं ते धुरकऱ्याच्या हाताकडे. छकड्यावर तो पुढे झुकतो तेव्हा त्याचा हात शेपटीच्या मुळाशी येतो. हात नुसता टेकलेला आहे की शेपटीला पीळ बसतो आहे, हे मंचावरून कळत नाही. सुटण्याच्या जागी बाजूला उभं राहिलं तर लगेच कळतं. मुठीत दडेल एवढा खिळाही पुरतो, आणि त्याची खूण बैलाच्या पुठ्ठ्यावर नंतर सापडते. म्हणून डॉक्टरांची तपासणी पळण्याआधी जेवढी गरजेची, तेवढीच पळून झाल्यावरही.

जगात इतरत्र काय चालतं, हेही पाहण्यासारखं आहे. इंग्लंडात हिवाळा हा घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतींचा मुख्य हंगाम. उंच कुंपणांवरून घोडे उड्या मारत जातात, पडतात, कधी मरतातही, आणि दर वर्षी हीच चर्चा तिथेही रंगते. तिथे चाबूक अजून आहे, पण मोजून: अडथळ्यांच्या शर्यतीत एका स्वाराला ७ फटक्यांपर्यंत मुभा, ही मर्यादा २०२३ मध्ये ८ वरून खाली आणली. एंट्री येथील ग्रँड नॅशनल ही त्यांची सर्वांत गाजलेली शर्यत. तिथे २०२४ पासून घोड्यांची संख्या ४० वरून ३४ वर आणली, पहिलं कुंपण सुरुवातीच्या रेषेजवळ आणलं, म्हणजे घोडे भन्नाट वेगात त्यावर जाऊन आदळू नयेत. दक्षिण ऑस्ट्रेलियाने मात्र २०२२ मध्ये अशा शर्यतींवर कायद्यानेच पडदा टाकला. म्हणजे दोनशे वर्षांची परंपराही लोकांचं मत बदललं की एक तर नियम बदलते, नाही तर बंद पडते. फटक्यांच्या बाबतीत आपला नियम इंग्लंडपेक्षा कडक आहे. कागदावर.

गैरसमज: पट आहे म्हणून गौळाऊ आहे.

वस्तुस्थिती: गौळाऊ हे वर्ध्याचं स्वतःचं जनावर. आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांतून नागपूर आणि पलीकडे छिंदवाड्यापर्यंत या जातीचा मूळ टापू. पांढऱ्या रंगाची, लांबट तोंडाची, अंगाने हलकी आणि चालीला चपळ. मराठा फौजांच्या सामानवाहतुकीला हीच जात उपयोगी पडे, असं पशुतज्ज्ञ नोंदवतात. कारंजा तालुक्यात हेटीकुंडी येथे तिच्या पैदाशीचं सरकारी केंद्र आहे.

जोडी पटात जिंकली की तिचा भाव वाढतो आणि देखण्या गोऱ्ह्यांना मागणी येते, हे खरंच आहे. त्यामुळे पटामुळे काही घरी दावणीला बैल टिकले, हेही मान्य करायला हवं. पण जात टिकते ती गाय आणि वळू यांच्यावर. खच्ची केलेला बैल कितीही पट जिंको, त्याचा वंश पुढे जात नाही. गौळाऊला दूध बेताचं, म्हणून संकरित गाईंनी तिची जागा घेतली. नांगरटीला ट्रॅक्टर आला. गावाच्या चराईच्या जागा आक्रसल्या. या तिन्हींवर पट उपाय नाही. आणि पट जिंकण्यासाठी गौळाऊच हवी असंही नाही. खिल्लार जोडी आणूनही पट मारता येतो. ज्यांना खरोखर गौळाऊ वाचवायची आहे, त्यांनी पटाच्या बक्षिसांतला एक हिस्सा जातिवंत गौळाऊ गाय आणि वळू पाळणाऱ्यांसाठी ठेवावा. मग पटाचा आणि जातीचा संबंध भाषणापुरता राहणार नाही.

गैरसमज: रेसकोर्सवर पैसे लावतात, तसे पटावर लावले तर काय झालं?

वस्तुस्थिती: १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला, आणि महाराष्ट्रात परवानाधारक रेसकोर्सवर ठरलेल्या पद्धतीने पैसे लावायला कायद्याने वाट ठेवली आहे. ती सवलत बैलांच्या शर्यतीला नाही. पटाच्या कडेला जोडीवर पैसे लावले तर तो जुगारबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. आयोजकांनी दिलेलं रोख बक्षीस, ट्रॉफी, मोटरसायकल हा वेगळा भाग. प्रेक्षकांनी आपसांत लावलेली पैज हा वेगळा. हजारांची पैज लागली की जोडी कशीही करून जिंकायला हवी असा दबाव धुरकऱ्यावर येतो, आणि तुतारीची गोष्ट पुन्हा तिथूनच सुरू होते.

गैरसमज: पट हे गड्यांचंच काम.

वस्तुस्थिती: वर्धा नदी ओलांडली की पलीकडे अमरावती जिल्हा, धामणगाव रेल्वे तालुका. तिथल्या तळेगाव दशासरचा पट विदर्भभर माहीत आहे. कृषक सुधार मंडळ तो भरवतं, आणि त्यात बायकांचा स्वतंत्र पट असतो. छकड्यावर बसून कासरा त्याच धरतात. पोळ्याला बैल ओवाळणाऱ्या बाईला छकड्यावर बसताना पाहून ज्यांना नवल वाटतं, त्यांनी एकदा तळेगावला जाऊन यावं.

गैरसमज: धोका असलाच तर बैलांना, बघणाऱ्यांना कसला?

वस्तुस्थिती: जोडी शेवटची रेष ओलांडून लगेच थांबत नाही. पुढे मोकळी जागा लागते आणि बैल धरणारी सवयीची माणसंही. फोटो काढायला रेषेच्या पुढे जाऊन उभ्या राहिलेल्या पोरांमध्ये बिथरलेली जोडी शिरली, तर ना धुरकऱ्याला काही करता येतं, ना पोलिसाला. दोन्ही बाजूंना भक्कम कठडा आणि रेषेपुढे रिकामं अंतर, एवढं नसेल तर तिथे लेकरांना घेऊन जाऊ नये.

मग यंदाच्या हंगामात भांडायचं कशावरून? पट हवा की नको, हा वाद न्यायालयात तूर्त संपला आहे. आता खरा प्रश्न तुमच्या गावचा पट नियमाने होतो का, हा आहे. त्याचं उत्तर दिल्लीत नाही, वावरातच मिळतं. आयोजकांना परवानगीचा कागद दाखवायला सांगा. पशुवैद्यक मंडपात चहा घेत बसले आहेत की बैल तपासत आहेत, ते बघा. कॅमेरा जोडी सुटते त्या टोकाला लावला आहे का, ते विचारा. नुसतं बक्षीस वाटपाचं चित्रीकरण नियमात बसत नाही. एखाद्या धुरकऱ्याने आर वापरली तर त्याची जोडी बाद करा, मग ती कुणाचीही असो. हे करायला पटशौकीनच पुढे आले पाहिजेत, कारण पुन्हा बंदी आली तर पहिला तोटा त्यांचाच. विरोधकांच्या हाती पुरावा लागतो तो नियम मोडणाऱ्यांमुळे. आर वापरणारा धुरकरी आणि त्याला मुकाट्याने पळू देणारं मंडळ हेच आज पटाचे सर्वांत मोठे विरोधक आहेत.