परूशी आणि जकातदार (दाखला)

परूशी आणि जकातदार हा येशू ख्रिस्ताने सांगितलेला एक दाखला आहे. तो नव्या करारातील लूककृत शुभवर्तमानात (१८:९–१४) येतो. अन्य तीन शुभवर्तमानांत तो आढळत नाही. स्वतःला नीतिमान समजून इतरांना तुच्छ लेखणाऱ्यांना उद्देशून तो सांगितला, असे लूक नमूद करतो.

कथानक

दोन माणसे मंदिरात प्रार्थनेसाठी जातात. परूशी आपण इतरांसारखे, विशेषतः त्या जकातदारासारखे नसल्याबद्दल देवाचे आभार मानतो आणि आपले आठवड्यातील दोन उपवास व दशांश दान यांचा उल्लेख करतो. रोमन अमलातील करवसुलीमुळे तिरस्कृत ठरलेला जकातदार दूर उभा राहून, ऊर बडवत केवळ दया मागतो. नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार.

अर्थ

परूशी हा धर्मशास्त्राचे काटेकोर पालन करणारा यहुदी पंथ होता. दाखल्यातील परूशी खोटे बोलतो असे कोठेही म्हटलेले नाही. मात्र त्याच्या प्रार्थनेत मागणे नाही; दुसऱ्याच्या दोषांवरून तो स्वतःची योग्यता मोजतो. त्यामुळे येथील ढोंग लोकांना फसवण्याचे नसून आत्मवंचनेचे आहे. जकातदार सबब सांगत नाही आणि तुलनाही करत नाही. ‘मी त्या परूश्यासारखा नाही’ असे समाधान मानणारा वाचकही त्याच दोषात सापडतो. सर्व परूशी दांभिक होते, असा निष्कर्ष मात्र यातून निघत नाही.

उपासनेतील स्थान

पूर्व ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये महाउपवासकाळाच्या पूर्वतयारीतील एका रविवारी हा दाखला वाचला जातो. उपवासाचा अभिमान वाटू नये म्हणून पुढील आठवड्यात बुधवार व शुक्रवारचे नेहमीचे उपवासही केले जात नाहीत.