विश्लेषण : फ्रान्सच्या समुद्रकिनारी जेवायचे कुठे? हॉटेलच्या दारावरची पाटी काय सांगते?

जगात सर्वाधिक परदेशी पर्यटक जातात तो देश फ्रान्स. जुलै-ऑगस्टमध्ये खुद्द फ्रेंच माणूसही सुट्टीसाठी समुद्रकिनारा गाठतो. अशा गर्दीत तिथल्या बंदरावर, किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर शेजारी शेजारी २०-२५ रेस्तराँ, सगळ्यांच्या दारात पाट्या आणि सगळ्यांचे दावे सारखेच, असे दृश्य दिसते. चुकीची निवड झाली तर चौघांच्या कुटुंबाचे शे-सव्वाशे युरो सहज जातात आणि ताटात येते ते कारखान्यातून आलेले, गरम करून वाढलेले अन्न. ही निवड बरीचशी नशिबावर सोडावी लागत नाही. आवश्यक ती बहुतेक माहिती दारावर असते. ती वाचता यायला हवी.

समुद्रासमोरचे टेबल महाग का?

फ्रान्समध्ये किनारा सार्वजनिक मालकीचा आहे. २००६ च्या नियमानुसार नैसर्गिक किनाऱ्याच्या किमान ८० टक्के भागावर कोणतेही बांधकाम वा मांडणी करता येत नाही. उरलेल्या जागेतच हंगामापुरते परवाने मिळतात. वाळूवर टेबले मांडणाऱ्याच्या बिलात जागेचे हे दुर्भिक्ष्य आपोआप शिरते. बंदरावरच्या रांगेचे गणित वेगळे. तिथला ग्राहक एकदाच येतो, पुन्हा येण्याची शक्यता कमी. हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा, कर्मचारी तेवढ्यापुरते ठेवलेले. अशा वेळी तयार पदार्थ मागवून गरम करणे मालकाला सोयीचे पडते. समुद्रासमोर चांगले जेवण मिळतच नाही असे नव्हे. पण देखावा हा चवीचा पुरावा नाही. दोन गल्ल्या आत, स्थानिक लोक वर्षभर जातात तिथे मालकाला नाव टिकवावे लागते.

दारावर काय लिहिणे बंधनकारक?

मार्च १९८७ च्या आदेशानुसार पदार्थ आणि किमती बाहेरून वाचता येतील अशा लावाव्या लागतात. दुपारच्या जेवणासाठी साडेअकरापासून आणि रात्रीसाठी संध्याकाळी सहापासून. किमतीत कर आणि सेवाशुल्क धरलेले असते. ‘सेर्व्हिस काँप्री’ याचा अर्थ तोच. त्यामुळे वर टीप देणे ऐच्छिक. जेवणासोबत पाव आणि नळाच्या साध्या पाण्याचे वेगळे पैसे घेता येत नाहीत. पिण्याचे पाणी मोफत मागता येते हे पदार्थांच्या यादीवर लिहिणे २०२२ पासून सक्तीचे आहे. मात्र नुसते ‘पाणी’ म्हटले तर बाटलीचे पाणी येऊ शकते. ‘युन काराफ दो’, म्हणजे सुरईतले पाणी, असे मागावे. किमती न लावणारे किंवा हाताला धरून आत बोलावणारे ठिकाण सरळ ओलांडून पुढे जावे.

‘मन्यू’ आणि ‘कार्त’ यांत फरक काय?

आपण ज्याला मेन्यू म्हणतो, त्याला फ्रेंचमध्ये ‘कार्त’ म्हणतात. तिथला ‘मन्यू’ म्हणजे ठरावीक किमतीत दोन-तीन पदार्थांचे पूर्ण जेवण, आपल्या थाळीच्या जवळ जाणारी कल्पना. ‘फॉर्म्यूल’ हे त्याचेच आटोपशीर रूप : सुरुवातीचा आणि मुख्य पदार्थ, किंवा मुख्य पदार्थ आणि गोड. ‘प्ला द्यू झूर’ म्हणजे त्या दिवसाचा खास पदार्थ. हे दोन्ही बहुधा दुपारीच मिळतात आणि रात्रीच्या मानाने स्वस्त असतात. त्यामुळे मोठे जेवण दुपारी, रात्री हलके खाणे, हे खर्चाच्या दृष्टीने शहाणपणाचे.

खरा खड्डा अख्ख्या माशाच्या किमतीत असतो. अनेकदा तिथे आकड्यापुढे बारीक अक्षरात ‘१०० ग्रॅमला’ असे असते. समजा दर ९ युरो आहे आणि मासा ८०० ग्रॅमचा निघाला, तर एका माशाचे ७२ युरो झाले. मासा आधी दाखवायला आणि वजन सांगायला लावणे यात काहीही गैर नाही. ‘सोव्हाज’ म्हणजे समुद्रात पकडलेला आणि ‘एलव्हाज’ म्हणजे पाळलेला, हा फरकही विचारून घ्यावा. किमतीत तो बराच असतो.

पातेल्यावर छप्पर असलेले चिन्ह कशाचे?

ते ‘फे मेझाँ’चे, म्हणजे ‘आमच्याकडे बनवलेले’ याचे चिन्ह. मार्च २०१४ च्या ग्राहक कायद्याने ते आणले, जुलैपासून लागू झाले आणि टीकेनंतर मे २०१५ मध्ये नियम बदलले. अर्थ असा, की पदार्थ त्याच ठिकाणी कच्च्या मालापासून शिजवला आहे. सगळे पदार्थ तसे असतील तर चिन्ह एकदाच लावता येते. नाही तर त्या त्या पदार्थापुढे. पण ‘कच्चा’ म्हणजे ‘ताजा’ नव्हे. गोठवलेला कच्चा मासा वापरूनही हे चिन्ह लावता येते. पाव, चीज अशा काही वस्तू बाहेरून आणलेल्या चालतात. बटाट्याबाबत नियम कडक आहे : सोलून आलेल्या किंवा गोठवलेल्या बटाट्याच्या फ्राइजना हे चिन्ह मिळत नाही.

मोठी उणीव ही, की माहिती एकाच बाजूने मिळते. घरच्यासारखे शिजवणारा तसे सांगतो. पाकीट फोडून गरम करणाऱ्यावर ते सांगण्याची सक्ती या चिन्हाने आलेली नाही. म्हणून चिन्हाचा अभाव हाही एक संकेत समजावा, पक्का पुरावा नव्हे. छोटे प्रामाणिक मालक कधी कधी चिन्ह लावायच्या फंदात पडत नाहीत. त्यांची ओळख वेगळी : यादी आखूड, खडूने लिहिलेली आणि दोन दिवसांनी बदललेली. चार जणांच्या स्वयंपाकघरातून ६० पदार्थ रोज ताजे निघू शकत नाहीत. त्यात पिझ्झा, बर्गर, पाएल्या आणि सुशी एकत्र असतील तर प्रश्नच मिटला. ‘मेत्र-रेस्तोरातर’ ही २००७ मध्ये सुरू झालेली सरकारमान्य पदवी दारावर दिसली तर ती अधिक भरवशाची. तिच्यासाठी तपासणी होते.

कोणत्या महिन्यात काय मागवावे?

हंगाम माहीत असला की पाटीवरचा खोटेपणा पकडता येतो. उत्तम उदाहरण ‘कोकीय साँ-झाक’ या मोठ्या शिंपल्यांचे, म्हणजे स्कॅलपचे. नॉर्मंडी आणि ब्रितानीच्या किनाऱ्यावर त्यांची मासेमारी ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतच होते. ऑगस्टमध्ये कोणी ते ‘आजचे ताजे’ म्हणून विकत असेल तर माल गोठवलेला किंवा बाहेरचा.

शिनाण्यांचे, म्हणजे मसल शिंपल्यांचे, उलट आहे. मों-साँ-मिशेलच्या उपसागरात लाकडी खांबांवर वाढवलेल्या ‘बुशो’ शिनाण्यांचा हंगाम साधारण जुलैत सुरू होऊन हिवाळ्यापर्यंत चालतो. २००६ मध्ये त्यांना उगमस्थानाची कायदेशीर ओळख मिळाली. उन्हाळी सुट्टीत फ्राइजसोबत मिळणारे ‘मूल-फ्रीत’ म्हणूनच योग्य निवड ठरते. कालवे आता वर्षभर मिळतात. मात्र उन्हाळा त्यांच्या प्रजननाचा काळ असल्याने ती दुधाळ लागतात. ज्यांच्या नावात ‘र’ आहे त्याच महिन्यांत कालवे खावीत, हा जुना संकेत त्यातूनच आला. मे ते ऑगस्ट या महिन्यांच्या फ्रेंच नावांत ‘र’ नाही. तरीही खायची असतील तर ब्रितानीतल्या कांकालला बंदरावरच्या विक्रेत्यांकडून ती उघडून घ्यावीत आणि धक्क्यावर बसून खावीत. आर्काशाँच्या खाडीकाठी कालवे वाढवणाऱ्यांच्याच झोपड्यांत पाव, लोणी आणि लिंबासह ती मिळतात. उत्पादक आणि ताट यांच्यात मध्यस्थ नसतो.

मार्सेयचे बुयाबेस स्वस्तात का मिळत नाही?

न विकलेल्या, खडकाळ समुद्रातल्या माशांचे कोळ्यांनी केलेले कालवण, हे याचे मूळ. पुढे ते प्रसिद्ध झाले आणि नकला वाढल्या. १९८० मध्ये मार्सेयच्या काही रेस्तराँमालकांनी सनद करून घटक ठरवले : रास्कास, गालिनेत, साँ-पियेर, काँग्र अशा यादीतले किमान चार प्रकारचे मासे हवेत. रस्सा आणि मासे वेगवेगळे वाढतात, मासे ग्राहकासमोर कापतात. ही सनद म्हणजे कायदा नव्हे. तिच्याबाहेरचे हॉटेलही तेच नाव वापरते. एवढे मासे लागणारे खरे बुयाबेस माणशी साधारण ५० युरोंच्या पुढेच जाते आणि अनेक ठिकाणी आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते. पाटीवर १८ युरोंचे ‘बुयाबेस’ दिसले तर ते दुसरेच काही तरी असणार. त्यापेक्षा ‘सूप द प्वासाँ’ हे माशाचे सूप मागवावे. ते प्रामाणिक नावाने येते आणि खिशालाही झेपते.

शाकाहारींनी काय करावे?

भारतातून जाणाऱ्या अनेक कुटुंबांत एक-दोघे तरी शाकाहारी असतात. ब्रितानीत त्यांच्यासाठी ‘क्रेपरी’ सर्वांत सोयीची. तिथली ‘गालेत’ कुट्टूच्या पिठाची, धिरड्यासारखी, पण तव्यावर कागदासारखी पातळ पसरलेली असते. ‘कोंप्लेत’ गालेतमध्ये चीज आणि अंड्यासोबत हॅम असते. ते वगळायला सांगता येते. नीसमध्ये ‘सोक्का’ मिळतो : हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, भट्टीत भाजलेले. बेसनाच्या पोळ्याची सवय असलेल्याला तो परका वाटणार नाही. मात्र नीसच्याच ‘पिसालादियेर’ या कांद्याच्या पदार्थावर आणि ‘सालाद निस्वाझ’मध्ये अँचोव्ही मासळी असते.

‘मी शाकाहारी आहे’ एवढे पुरेसे नसते; काहींच्या लेखी मासे त्यात बसतात. ‘साँ व्हियाँद, साँ प्वासाँ’, म्हणजे मांस नको, मासा नको, असे स्पष्ट सांगावे. अॅलर्जीकारक १४ घटकांची लेखी माहिती देणे रेस्तराँवर बंधनकारक आहे. मासे, शिंपले, कोळंबी-खेकड्याचा वर्ग आणि अंडी त्या यादीत असल्याने ती शाकाहारींनाही उपयोगी पडते. मांसाचा समावेश मात्र तिच्यात नाही. सूप कशाच्या पाण्यात केले, हे विचारावेच लागते.

वेळ चुकली तर?

स्वयंपाकघर साधारण दुपारी १२ ते २ आणि रात्री ७ ते साडेनऊपर्यंत चालते. दुपारी तीन वाजता भूक लागली तर ‘सेर्व्हिस कोंतिन्यू’ लिहिलेली, दिवसभर चालणारी ठिकाणेच उरतात. त्यांत चांगलीही असतात, पण उशिरा आलेल्या पर्यटकांवर चालणारीही बरीच. रविवारी रात्री आणि सोमवारी अनेक चांगली रेस्तराँ बंद असतात. ऑगस्टमध्ये, विशेषतः १५ ऑगस्टच्या सार्वजनिक सुट्टीच्या आसपास, सकाळी फोन करून जागा राखणे उत्तम. जागा मिळाली नाही तर मंडईतून पाव, चीज, टोमॅटो, पीच घेऊन किनाऱ्यावर बसणे हाही फ्रेंच पर्यायच आहे.

ऑनलाइन तारे आणि मिशेलिन किती कामाचे?

ऑनलाइन अभिप्राय विकत घेता येतात. २०१७ मध्ये एका लेखकाने लंडनमधल्या आपल्या बागेतल्या शेडला खोट्या अभिप्रायांच्या जोरावर शहरातले पहिल्या क्रमांकाचे रेस्तराँ बनवून दाखवले होते. युरोपीय संघात २०२२ पासून असे अभिप्राय कायद्याने निषिद्ध आहेत, तरी ते ओळखणे ग्राहकाला सोपे नाही. आकड्यापेक्षा हिवाळ्यातले, स्थानिक भाषेतले अभिप्राय पाहावेत. ते सहसा तिथल्या रहिवाशांचे असतात. टायर कंपनीने १९०० मध्ये काढलेल्या मिशेलिन मार्गदर्शिकेचे तारे बहुतेकांच्या खर्चाबाहेरचे. तिचेच ‘बिब गुर्मां’ हे १९९७ पासूनचे चिन्ह माफक किमतीत चांगले जेवण देणाऱ्या जागा दाखवते. सुट्टीतल्या कुटुंबाला उपयोगी पडते ते हेच.