रात्रीचा गल्ला, सकाळची उधारी

तमाशाचा खेळ नेमका संपतो केव्हा? प्रेक्षकाला विचाराल, तर वगातल्या राजाला शहाणपण सुचले, खलनायकाला शासन झाले, पडदा पडला की खेळ संपला. लोक अंगावरची घोंगडी सावरत उठतात, सायकली-मोटारसायकली काढतात आणि गावाच्या वाटेला लागतात. पण कनातीच्या मागे जाऊन पाहिले, तर खरा खेळ तेव्हा कुठे सुरू झालेला असतो. एका पिवळ्या बल्बखाली पत्र्याची पेटी उघडलेली असते. मॅनेजर चुरगळलेल्या नोटा सरळ करून त्यांच्या गड्ड्या लावत असतो. तोंडावरचा रंग पुसता पुसता नाचणाऱ्या मुलींची नजर त्या पेटीकडे जाते, ढोलकीवाल्याची जाते, ट्रकच्या ड्रायव्हरचीही जाते. आजचा गल्ला किती झाला, यावर उद्याचे डिझेल आणि परवाचा पगार अवलंबून असतो.

आपण रसिक मंडळी लावणीबद्दल भरभरून बोलतो. ढोलकीच्या तोड्यांबद्दल, सोंगाड्याच्या हजरजबाबीपणाबद्दल बोलतो. मात्र ही कला रोज रात्री नव्या गावात उभी करायला काय खर्च येतो, हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याने, म्हणजे आपल्या जुन्या नगरने, तो प्रश्न विचारायला हवा. कारण तमाशाशी या जिल्ह्याचे नाते केवळ प्रेक्षकाचे नाही.

नगरी मातीतला फड

स्त्रीने तमाशाच्या बोर्डावर उभे राहणे ही कल्पनाच धाडसाची होती, त्या काळात ज्या पवळाबाईने पट्ठे बापूरावांच्या लावण्यांना रूप दिले, ती संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावशाची. ‘ढवळपुरीकर’ हे नाव ज्यांनी तमाशाच्या फलकावर नेले, त्या चंद्रकांत ढवळपुरीकरांची ढवळपुरी पारनेर तालुक्यातली. कांताबाई सातारकर नावाने साताऱ्याच्या, पण घर केले ते संगमनेरात. तुकाराम खेडकरांच्या निधनानंतर या बाईंनी खचून न जाता स्वतःचा फड उभा केला, पुरुषी भूमिकाही गाजवल्या आणि पुढे मुलगा रघुवीर खेडकर यांच्यासह तो फड गावोगाव फिरवला. जामखेडकडे गेलात, तर संगीत बारीची थिएटरे आहेत. थोडक्यात, ज्याला तमाशाचा हिशेब समजून घ्यायचा आहे त्याला लांब जाण्याची गरज नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवायला हवा. संगीत बारी बहुधा एका जागी, थिएटरात बसते. तिथला हिशेब बैठकीचा आणि दौलतजाद्याचा. ढोलकी फड मात्र फिरता. तंबू, कनाती, स्टेज, दिवे, जनरेटर, स्वयंपाकाची भांडी आणि माणसे असे सारे गावच ट्रकांवर चढवून रोज निघायचे. त्यातही काही फड पूर्णवेळ, दसऱ्याला बाहेर पडले की वैशाखापर्यंत घर न पाहणारे. तर काही हंगामी, यात्रांच्या दिवसांपुरते जमणारे. आपण आज बोलतो आहोत ते मुख्यतः पूर्णवेळ फडाबद्दल.

तंबू आणि सुपारी

फडाचे उत्पन्न दोन वाटांनी येते. पहिली वाट तंबूची. दसऱ्यापासून फाल्गुनापर्यंत फड आपल्या जबाबदारीवर गावात उतरतो. जागेचे भाडे भरतो, परवानगी काढतो, जीप फिरवून पुकारा करतो आणि तिकीट लावून खेळ करतो. माणसे आली तर आपली, न आली तरी खर्च आपलाच. दुसरी वाट सुपारीची. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा भरतात. गावकरी वर्गणी काढून फड ठरवतात, ठरलेली रक्कम देतात आणि खेळ गावाला फुकट दाखवतात. त्या रकमेत रात्रीचा खेळ आलाच, शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरीही आली.

या सुपाऱ्यांचा बाजार भरतो तो पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात. विठाबाईंचे हे गाव म्हणजे तमाशाची पंढरीच. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात. यात्रा कमिटीची मंडळी एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत फिरतात. नाचणाऱ्या किती, वग कोणता, लाइट कशी, याची चौकशी होते. मग घासाघीस. तिथीप्रमाणे भाव चढतो-उतरतो. अष्टमी किंवा चैत्री पौर्णिमा असेल, अनेक गावांना तीच तारीख हवी असेल, तर फडमालकाचा शब्द चालतो. मोकळ्या तारखेला गावकऱ्यांचा. विसार हातावर पडला, कागदावर सह्या झाल्या की सुपारी फुटली. वर्षभराच्या तोट्याचे तोंड बुजवायचे ते या महिना-दीड महिन्याच्या कमाईवर. कांदा-उसाचा पैसा गावात आला असेल तर वर्गणी मोकळ्या हाताने होते. भाव पडले, पाऊस रुसला, तर यात्रेच्या खर्चाला कात्री लागते, आणि ती कात्री आधी तमाशावरच चालते.

एका रात्रीचा हिशेब

हिशेब कागदावर मांडून पाहू. पुढचे आकडे कोणत्याही एका फडाचे नाहीत. समजुतीसाठी धरलेले आहेत. पण खर्चाची खाती मात्र खरी आहेत.

समजा, फडात ८० माणसे आहेत. नाचणाऱ्या, गाणाऱ्या, वगात काम करणारे, वाजवणारे तर आहेतच. पण तंबू ठोकणारे बिगारी, आचारी, वायरमन, ड्रायव्हर, दारावरची माणसे हेही फडच. प्रत्येकाला सरासरी दिवसाला ६०० रुपये धरले, तर पगाराचेच ४८ हजार झाले. दोन वेळच्या जेवणाचे माणशी १०० रुपये म्हणजे ८ हजार. चार गाड्या रोज ६० किलोमीटर चालल्या आणि रात्री जनरेटर चालला, तर डिझेलचे ९ हजार. जागाभाडे, पोस्टर, पुकारा आणि किरकोळ यांचे ५ हजार. टायर, कापड, दिवे, स्पीकर, पोशाख यांची झीज आणि दुरुस्ती म्हणून ८ हजार बाजूला काढले. बेरीज ७८ हजार.

तिकीट १०० रुपये ठेवले, तर ७८० माणसे आत आली की फड जेथल्या तेथे. पौषातल्या कडाक्याच्या थंडीत, शेजारच्या गावात लग्न असताना ४०० माणसे आली, तर ४० हजार गल्ला आणि ३८ हजार तोटा. अवकाळी पाऊस आला, तर गल्ला शून्य, पण ८० माणसांना जेवण लागतेच! आता यात्रेची दीड लाखाची सुपारी मिळाली असे धरा. ऐकायला आकडा मोठा वाटतो. खर्च वजा जाता ७२ हजार उरतात. तशा दोन थंड रात्रींचा तोटा होतो ७६ हजार. म्हणजे एका सुपारीतली शिल्लक दोन पडक्या रात्रींनाही पुरत नाही. पारावर बसून ‘एका रात्रीचे दीड लाख घेतात की!’ असे म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा तरी करून पाहावा.

उचल नावाची गाठ

या हिशेबात एक खाते अजून धरलेलेच नाही. ते म्हणजे व्याज.

पावसाळ्याचे चार महिने तंबू बंद. पण चूल बंद ठेवता येत नाही. मुलांची वह्या-पुस्तके, घराची शाकारणी, आजारपण, लग्नकार्य, सारे त्याच चार महिन्यांत येते. कलावंत मग मालकाकडे पुढच्या हंगामाची उचल मागतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाचकांना हा शब्द समजावून सांगायला नको. कोयता घेऊन साखर कारखान्यावर जाणारा ऊसतोड मजूर जशी मुकादमाकडून उचल घेतो आणि मग हंगामभर ती फेडतो, तशीच ही रीत. दोघांचाही हंगाम दसऱ्याच्या आगेमागेच सुरू होतो, हाही योगायोग पाहण्यासारखा आहे.

कलावंताला उचल दिली नाही, तर तो दुसऱ्या फडाकडे जातो. दिली, तर मालकाने पैसा आणायचा कोठून? ज्या धंद्याला तारण म्हणून दाखवायला वापरलेला तंबू आणि जुने ट्रक, त्याला बँक सहजी दारात उभी करत नाही. मग खासगी सावकार. समजा, २० लाख रुपये शेकडा ३ रुपये महिना या दराने घेतले. महिन्याचे व्याज ६० हजार, वर्षाचे ७ लाख २० हजार. हंगाम २१० रात्रींचा धरला, तर पहिला पडदा वर जाण्याआधीच प्रत्येक रात्रीवर सुमारे ३,४०० रुपयांचे ओझे बसलेले असते. कलावंत मालकाशी बांधलेला, मालक सावकाराशी बांधलेला. या गाठीला सुटे टोक असे नाहीच. म्हणून नुसते मालकाला शिव्या देऊन भागत नाही आणि कलावंताच्या कष्टावर पांघरूण घालूनही चालत नाही.

यात सर्वांत अवघड जागा नाचणारीची. तिच्या पायांची उमेद पंधरा-वीस वर्षांची. गुडघे बोलू लागले की ती मागच्या रांगेत जाते, मग गवळणीतली मावशी होते, मग घरी. भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही. वृद्ध कलावंतांसाठी शासनाचे मासिक मानधन आहे. पण जन्मभर गावोगाव फिरलेल्या बाईने कागदपत्रे जमवायची, पुरावे द्यायचे, हेही एक वगनाट्यच असते.

काळाचे घाव

तमाशाने यापूर्वी काही कमी पाहिलेले नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या सरकारने त्यावर बंदी घातली होती. ती पुढे उठली. सिनेमा आला, घरोघर दूरदर्शन आले, ऑर्केस्ट्रा आले. अलीकडे मोजक्या मुली, ध्वनिमुद्रित गाणी आणि एक गाडी एवढ्यावर होणारे कार्यक्रम आले. त्यांना ८० माणसांची चूल पेटवावी लागत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे फड स्पर्धेत का दमतो ते कळते.

नियमही बदलले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधन आणले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अधिक पक्के केले. लोकांची झोपही महत्त्वाची, यात वाद नाही. पण शेतातली कामे, जेवणखाण उरकून माणूस तंबूत येतो तोच नऊला. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि मग वग, हा रात्रभराचा ऐवज एका तासात बसवायचा कसा? कात्री लागली ती वगालाच. जो भाग फडाला नाटक म्हणून मान मिळवून देत होता, तोच आखडला.

८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा फड नुकतेच मार्गाला लागले होते. रोख तिकिटावर चालणाऱ्या तंबूला सुट्या पैशांच्या टंचाईचा फटका बसला. आणि मग आला २०२० चा पाडवा. २५ मार्चला गुढीपाडवा आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी! ज्या आठवड्यात नारायणगावच्या राहुट्यांतून वर्षाची भाकरी ठरायची, त्याच आठवड्यात सारे ठप्प. पुढच्या वर्षी पाडवा होता १३ एप्रिलला. १४ एप्रिलपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले. लागोपाठ दोन चैत्र कोरडे गेले. उचल मात्र दिली-घेतली गेली होती आणि व्याजाला टाळेबंदी नसते. त्याच दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, कांताबाई सातारकरही गेल्या.

टाळ्या आणि तिकीट

विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. तरीही अखेरच्या आजारपणात उपचाराच्या पैशांसाठी मदतीचा हात शोधावा लागला. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. पुढे राज्य शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पट्ठे बापूरावांचे शेवटचे दिवसही हलाखीतच गेले. गौरव करायला आपण कधी विसरलो नाही. फक्त तो वेळेवर केला नाही.

शासन फडांना अनुदान देते, ते हवेच. पण ते कागदांच्या फेऱ्यात न अडकता पावसाळ्यापूर्वी हातात पडले, तर सावकाराकडची एक खेप वाचेल. साखर कारखाने, पतसंस्था, दूध संघ उभारून सहकाराचा धडा महाराष्ट्राला दिला तो याच जिल्ह्याने. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेच्या काठी निघू शकतो, तर कलावंतांना चार महिन्यांपुरते रास्त व्याजाने कर्ज देणारी एखादी पतसंस्था येथे का निघू नये? त्यासाठी कोणी मोठा क्रांतिकारक लागत नाही. चार जाणती माणसे लागतात.

आणि आपण? यात्रा कमिटीत असाल, तर सुपारी ठरवताना शेवटच्या पाच हजारांसाठी ताणण्याआधी त्या ८० ताटांची आठवण ठेवावी. ठरलेली बाकी हजेरी संपताच द्यावी. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू नये. तंबू गावात आला, तर ओळखीने आत शिरण्याऐवजी खिडकीवर जाऊन तिकीट काढावे. घरच्यांनाही घेऊन जावे. गण-गवळण आणि वग कुटुंबासह पाहण्याजोगे आहेत, आणि कुटुंबे समोर बसू लागली की खेळाचा दर्जाही आपोआप सांभाळला जातो.

पहाटे लोक पांगतात. बिगारी खुंट्या उपटतात, कनाती गुंडाळतात. मॅनेजर पेटीला कुलूप लावतो. मुली ट्रकमध्ये पेट्यांना टेकून डोळे मिटतात. पुढचे गाव येईपर्यंत तेवढीच झोप. रिकाम्या मैदानावर उरतात त्या शेंगांची टरफले आणि खुंट्यांची भोके. गाडी सुरू होते. आज रात्री किती माणसे येतील, हे गाडीतल्या कोणालाच ठाऊक नसते.