पुणें ते नागपूर : आकाशमार्गाचें गणित

पुण्याहून नागपुरास सडकेनें जावयाचें तर अंतर ७०० किलोमीटरांहून अधिक भरतें. विमानास मात्र घाट, नद्या व वळणें यांची अडचण नाहीं. मग पुण्याच्या लोहगांव विमानतळापासून नागपूरच्या सोनेगांव विमानतळापर्यंत आकाशांतून अंतर किती, आणि तें तोडण्यास वेळ किती लागतो? शाळेंतील भूगोल व भूमिती एवढ्यावरच हा प्रश्न सुटतो, म्हणून तो आम्ही विद्यार्थिमित्रांपुढें मांडीत आहों.

प्रथम नकाशा उघडावा. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांत सुमारें २.५ व रेखांशांत सुमारें ५.१ अंशांचा फरक आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारें १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो; परंतु रेखावृत्तें ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत जात असल्यामुळें आपल्या प्रदेशांत तो सुमारें १०४ किलोमीटरच भरतो. म्हणजे नागपूर हें पुण्याच्या उत्तरेस सुमारें २७८ व पूर्वेस सुमारें ५३० किलोमीटर झालें. या दोन बाजू काटकोनांत धरून पायथागोरसच्या सिद्धांतानें कर्ण काढिला असतां उत्तर ६०० किलोमीटरांच्या जवळपास येतें. पृथ्वी वाटोळी असल्यामुळें खंडाखंडांमधील अंतरांस ही रीत लागू पडत नाहीं. एवढ्या अंतरास ती पुरेशी आहे.

आतां वेळेकडे वळूं. प्रवासी जेट विमान उंचावर ताशीं सुमारें ८०० किलोमीटर वेगानें जातें. त्रैराशिकानें ४५ मिनिटें येतात. वेळापत्रकांत मात्र सव्वा तासाच्या आगेमागें वेळ दिलेला आढळतो. यांत लबाडी आहे असें कोणीं समजूं नये. विमान जागेवरून हललें कीं हा वेळ मोजण्यास आरंभ होतो, व तें दुसऱ्या विमानतळावर जागीं उभें राहीपर्यंत तो चालूच असतो. धांवपट्टीपर्यंत सावकाश जाणें, पाळी येईपर्यंत थांबणें, वर चढणें आणि मुक्कामाच्या बऱ्याच आधींपासून वेग आवरीत उतरणें, यांत अर्धा तास सहज जातो.

शिवाय वारा आहेच. हिंवाळ्यांत उंचावरील वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. त्याचा वेग ताशीं १०० किलोमीटर धरला, तर नागपुरास जातांना ६०० किलोमीटरांस ४० मिनिटें लागतील. परततांना मात्र ५१. वाऱ्यानें जातांना जें दिलें, त्याहून थोडें अधिकच तो परततांना काढून घेतो!

या मिनिटांची किंमत २०२३ च्या जुलै महिन्यांत दिसून आली. नागपुरांतील एका दात्याचें हृदय पुण्यांतील एका रुग्णास बसवावयाचें होतें. शरीराबाहेर काढलेलें हृदय साधारणपणें चार तासांच्या आंत बसवावें लागतें. सडकेनें तेवढ्या वेळांत सगळी वाट सरली नसती. वायुदलाच्या पंख्याच्या विमानानें तें सुमारें ९० मिनिटांत पुण्यास आणिलें. उरलेल्या अडीच तासांत दोन्ही शहरांतील रस्ते व शस्त्रवैद्यांचें काम बसवावयाचें होतें. अशा वेळीं एकेका मिनिटाचा हिशेब आधीं कोणीतरी बरोबर मांडलेला असावा लागतो.

विद्यार्थ्यांनीं याच रीतीनें कोल्हापूर ते नागपूर हें अंतर काढून पाहावें, व पालकांनीं तें तपासावें, अशी आमची सूचना आहे.